अहो-जाहो करणारा गुलामांचा व्यापारी

निशिकांत पेंडसे यांनी आयुष्यात कुणालाही 'अरे' म्हटलेलं नाही. मी त्यांच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्याने राहतो, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान आहे, तरी सकाळी बाथरूमच्या दाराबाहेरून आवाज येतो, "अहो, आपल्याला वेळ आहे का? असू द्या, सावकाश." खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, उष्टे ट्रे गोळा करणारं एक यंत्र फिरतं. त्यालाही ते बाजूला होऊन म्हणतात, "या, या, आपण आधी." तुआसच्या एका जहाजदुरुस्ती यार्डात ते सुरक्षा अधिकारी आहेत. बिनहेल्मेटचा माणूस दिसला, की हे आधी त्याची माफी मागतात.

अशा माणसाला एकच हौस, नाटकाची. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत अकरा वर्षं त्यांनी कामं केली. कामं म्हणजे विंगेतून पत्र देणारा हात, चादरीखालचा मेलेला काका, आणि एका वर्षी घोड्याच्या टापा.

यंदा मंडळाची नाटकं बसवणाऱ्या उल्काताईंनी स्वतः नाटक लिहिलं. अठराव्या शतकातला जोनाथन पेल नावाचा इंग्रज व्यापारी. लिव्हरपूलहून कापड आणि दारू भरून जहाजं न्यायची, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्या बदल्यात माणसं घ्यायची, ती वेस्ट इंडिजला नेऊन विकायची आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचं. "नेमका असा कुणी नव्हता," उल्काताई म्हणाल्या, "पण असे पुष्कळ होते."

पेल करणाऱ्या गृहस्थांची प्रयोगाच्या महिनाभर आधी दुबईला बदली झाली. कोट शिवून तयार होता, आणि मंडळात सहा फुटांचा दुसरा माणूस एकच होता.

तालीम ईस्ट कोस्ट भागातल्या एका कॉन्डो सोसायटीच्या हॉलमध्ये. गुलाम आम्ही चौघं. तोंडाला काळा रंग फासायचा नाही, ही उल्काताईंची सक्त ताकीद. आमच्यात मुख्य होते श्रीनिवास सर, म्हणजे यार्डातले निशिकांतदादांचे साहेब. पेलने त्यांची साखळी खेचून ओरडायचं, "ए, ऊठ! दात दाखव!"

दादांनी साखळी घेतली, साहेबांकडे पाहिलं, साखळी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी धरून त्यांना उठवलं. "सर, जरा दात दाखवता का? घाई नाही."

आम्ही उरलेले तीन गुलाम हसून आडवे झालो.

"निशिकांत," उल्काताई म्हणाल्या, "तुम्ही त्यांना विकताय की डेंटिस्टकडे नेताय?"

अश्विन टपूनच होता. तो आमच्यातला तिसरा गुलाम, उंची पाच फूट चार. "ताई, मला द्या ना रोल. मी घरी बायकोशीही असाच बोलतो."

"ते आम्हाला माहितेय."

"कोट दुमडता येईल की!"

उल्काताईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली. तोवर पेल ओरडला नाही, तर कोट दुमडायचा.

मग घरात प्रयत्न सुरू झाले. "ए, चहा आण!" दादा माझ्यावर ओरडले. मी उठतोय तोवर स्वतःच गॅसपाशी. "साखर किती घालू आपल्याला?" सुरेखावहिनी म्हणाल्या, "मला म्हणा बरं, 'ए सुरेखे!'" त्यांनी तोंड उघडलं, मिटलं आणि सिंकमधली सगळी भांडी घासून टाकली.

"नाही जमत," ते मला म्हणाले. "पण अश्विनरावांच्या अंगावर तो कोट मला बघवायचा नाही हो." डोळ्यांत पाणी होतं. मी त्या दिवशी चेष्टा केली नाही.

शनिवारी अश्विनने कोटाची एक बाही चढवूनच ठेवली होती. दादांनी साखळी उचलली. "ए, ऊ..." चेहरा लाल झाला. "...उठता का आपण?" आणि सवयीने साखळी ठेवून हात पुढे केला.

कुणी हसलं नाही, कंटाळा आला होता. उल्काताई मात्र खुर्चीतून पुढे सरकल्या. "पुन्हा म्हणा. असंच."

"असंच?"

"अहो, असले लोक पत्राखाली 'आपला आज्ञाधारक सेवक' लिहायचे. ओरडायला मुकादम होते. पेलला ओरडायची गरज काय?"

मला ते लगेच पटलं. आमच्या करमाळ्याच्या शाळेत मास्तर शिव्या देत होते तोवर भीती नव्हती. ते "या, महाराज" म्हणाले, की आम्ही बाकाखाली शिरायचो.

"तुम्ही काही बदलू नका, निशिकांत," उल्काताई म्हणाल्या. "फक्त साखळी सोडू नका."

अश्विनने बाही उतरवली.

प्रयोगाच्या दिवशी दादा कोटात झकास दिसत होते. त्यांनी साखळी हाताला दोन वेढे देऊन धरली. "आपण जरा उठता का? फार कष्ट नाहीत ना? आता तोंड उघडा, एकदा दात पाहून घेतो." पुढच्या रांगा खदखदल्या. सगळे निशिकांतला ओळखतात ना! "छान. आणि आपली धाकटी मुलगी दुसऱ्या जहाजात बसवलीय बरं का. काळजी करू नका, ते जहाजही चांगलं आहे."

हसू कुठे थांबलं ते कळलं नाही. श्रीनिवास सर पुढचं वाक्य विसरले. ते माझ्या कानाशी पुटपुटले, "हा खरंच निशिकांत आहे ना?" दादा त्यांच्याकडे पाहून हलकेच हसले आणि साखळी किंचित ओढली.

टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या.

नंतर वड्यांच्या टेबलापाशी दादा एका आजींना म्हणाले, "आपण आधी घ्या ना." आजी प्लेट तिथेच ठेवून निघून गेल्या. दादांना काही उमजेना. त्यांची बारा वर्षांची इरा खांबाआडून बघत होती. ते जवळ गेले, "इराताई, आपल्याला कसं वाटलं?"

ती एक पाऊल मागे सरली आणि इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली, "पप्पा, डोन्ट टॉक सो नाइसली, लाह. स्केअरी. प्लीज, ओरड ना माझ्यावर."

कोटासकट दादा उकिडवे बसले. दीर्घ श्वास घेतला. "ए इरे," ते म्हणाले, आणि हॉल दणाणून गेला, "इकडे ये गधडे!"

इरा धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.