इंधन कोण?

चीनशी लढाई सुरू झाली तेव्हा माझे वडील अमरावतीच्या एका शाळेत मास्तर होते, आणि लढाईचा सगळा भार आपल्याच खांद्यावर आला आहे असं त्यांना मनापासून वाटत असे. सीमेवर जाणं तर शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी आमच्या गल्लीत बचत समिती काढली. समितीत तीन मास्तर, दोन वकील आणि एक भटजी. सगळे पोटं सुटलेले.

एक दिवस बडनेऱ्याच्या स्टेशनावरून वडिलांनी टांग्यातून पोस्टरांची गुंडाळी आणली. पोस्टरवर एक गोरीपान बाई चकचकीत स्टोवर पातेलं ठेवून हसत होती, आणि खाली ठळक अक्षरांत ‘इंधन वाचवा’. ही बाई वऱ्हाडातली नव्हती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. आमच्याकडे घरोघरी चुलीत बाभळीचं लाकूड आणि कपाशीच्या पऱ्हाट्या जळत. आमच्या पऱ्हाट्या वाचवून बर्फातल्या जवानाला कुठून ऊब मिळणार होती, हे समितीतल्या एकाही शहाण्यानं विचारलं नाही. ती पोस्टरं चिकटवायला खळ लागली. ती शिजवायला मी अर्धा तास चूल पेटती ठेवली. मी तेव्हा मॅट्रिकला होते, आणि मलाही त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. त्या वयातला माझा मूर्खपणा मी वडिलांच्या खात्यावर टाकत नाही.

पहिलं पोस्टर आमच्याच दारावर लागलं. रोज सकाळी भाजी घेऊन येणारी माळीण त्याच्यासमोर टोपली उतरवून उभी राहिली. मी तिला मावशी म्हणत असे. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

“इंधन कोन हाये वं?” तिनं काळजीनं विचारलं. “तिले काय झालं?”

वडील ओसरीवरून खो खो हसले. “अगं बाई, इंधन म्हणजे जळण! सरपण!”

“मंग जळन म्हना ना,” ती म्हणाली. “मले वाटलं कोनाची पोरगी हाये, मरून राह्यली.”

ही गंमत वडिलांनी त्याच दिवशी समितीत सांगितली. पुढच्या बैठकीत पुन्हा सांगितली. पुढे तर बैठकीची सुरुवातच त्या गंमतीनं होऊ लागली. सगळे मांडीवर थाप मारून हसत, आणि आतून चहा येई. त्या चहालाही सरपण लागतं हे मात्र कुणाच्या डोक्यात येत नसे.

त्याच दिवसांत माझी ताई पहिल्या बाळंतपणाला अकोल्याहून माहेरी आली होती. तिला आठव्या महिन्यातच मुलगी झाली. मुलगी कसली, वीतभर जीव. रीतीप्रमाणे आईनं ताईच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवली. चार दिवस शेगडी राहिली. पाचव्या दिवशी वडिलांनी जाहीर केलं की उदाहरण आपल्या घरापासून घालून द्यायचं. न्हाणीचा बंब बंद, बाजेखालची शेगडी बंद. ही शेक घ्यायची पद्धत म्हणजे बायकांचं खूळ, असंही वर ऐकवलं. सरपणाच्या खोलीला कुलूप लागलं आणि किल्ली वडिलांच्या जानव्याला. रोज सकाळी मोजून पाच लाकडं मिळत. त्यातली दोन समितीच्या चहाला जात. आई काही बोलली नाही. वडिलांसमोर ती कधीच बोलत नसे, आणि या गोष्टीसाठी मी तिलाही पुरती माफ केलेलं नाही.

थंडी वाढली. ताई बाळाला पोटाशी धरून कुडकुडत पडे. शेगडी बंद झाल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी वडील प्रभातफेरीला गेलेले असताना बाळाचं रडणं थांबलं. ओठ निळे पडले, दूध ओढेना. आई देवासमोर जाऊन बसली. मी नुसती दारात उभी. तेवढ्यात मावशी भाजी घेऊन आली. माझं तोंड पाहून ती टोपली टाकून आत शिरली आणि बाळाच्या पायांना हात लावला.

“थंडगार पडलं लेकरू! शेगडी काहून नाई पेटवली?”

“कुलूप आहे. किल्ली बाबांकडे आहे. आजची लाकडं अजून मिळायची आहेत.”

तिनं एक शिवी हासडली, ती मी इथं लिहीत नाही. पण ती अगदी योग्य होती. मग तिची नजर ओसरीच्या कोपऱ्यात गेली. तिथं उरलेल्या पोस्टरांची गुंडाळी होती आणि पुढच्या फेरीसाठी बाभळीच्या दांड्यांना ठोकलेले दहा-बारा फलक. मावशीनं गुंडाळी चुलीत कोंबली, दांड्या गुडघ्यावर कडाकडा मोडल्या आणि काडी ओढली. हसणारी गोरी बाई आधी पिवळी झाली, मग काळी. धग धरल्यावर मावशीनं निखारे शेगडीत भरून बाजेखाली सरकवले, बाळाला आपल्या लुगड्याच्या पदरानं चोळलं आणि ताईच्या छातीशी दिलं.

बऱ्याच वेळानं बाळानं टाहो फोडला. मी आयुष्यात इतकं सुरेल काही ऐकलेलं नाही.

वडील परत आले ते दोन वकील आणि भटजी यांना घेऊनच. चहा हवा होता. त्यांनी आधी रिकामा कोपरा पाहिला.

“फलक कुठे गेले? सरकारी पोस्टरं होती ती!”

बाळाचं विचारलं नाही. मावशी टोपली डोक्यावर घेऊन निघतच होती. ती उंबऱ्यात थांबली. आतून बाळाचं रडणं खणखणीत ऐकू येत होतं.

“काळजी करू नका, मास्तर,” ती म्हणाली. “वाचली तुमची इंधन.”

वकील हसायला गेले आणि वडिलांचा चेहरा पाहून वहाणा शोधू लागले. वडिलांनी जानव्याची किल्ली सोडली आणि आईच्या हातात दिली. समिती पुढं महिनाभर चालली, पण ती गंमत त्यांनी तिथं पुन्हा सांगितली नाही.