गॅलरीतली दोरी आणि खाडीतलं शीड

मेव्हणीच्या साखरपुड्याला आमची होडी वरपक्षाच्या डोळ्यांसमोरून न थांबता निघून गेली, याला मी एकटा जबाबदार नाही. निम्मा दोष वाऱ्याचा आहे.

सासुरवाडी जूचंद्रची. सासऱ्यांची शिडाची जुनी होडी आहे आणि खाडीपलीकडे नवऱ्या मुलाच्या घरी होडीनेच जायचं, हा त्यांचा हट्ट. (रस्त्याने अर्धा तास लागतो. पण माझं ऐकतो कोण?) या होडीचं शीड उतरवलं की थेट सासूबाईंच्या डोक्यावर पडतं. आज तर पैठणी, गजरा आणि मांडीवर अंगठीची डबी. घरातला एकुलता एक जावई म्हणून मला हे बघवेना.

उपाय मी मोबाईलवर पाहिला होता. डोलकाठीपासून खालच्या आडव्या बांबूपर्यंत दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधायच्या. शीड सोडलं की त्यांच्या मधोमध अलगद पडतं, पाळण्यातल्या बाळासारखं. आमच्या आचोळ्याच्या फ्लॅटच्या गॅलरीतली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी मी पिशवीत घालून आणलीच होती. शीड चढलं, होडी निघाली, आणि मी दोऱ्या कचकचून आवळल्या.

"जावय, सैल ठेव," सासरे म्हणाले. "शीड उतरताना हलतंय."

"बाबा, हलू नये म्हणूनच तर बांधतोय."

पलीकडचा धक्का आला. मुलाकडची माणसं हार घेऊन उभी. सासऱ्यांनी शीड सोडलं. ते निम्मं खाली आलं आणि थांबलं! शीड ताठ राहावं म्हणून त्यात बांबूच्या कामट्या घातलेल्या असतात. एक उजव्या दोरीत अडकली, एक डाव्या. वर जाईना, खाली येईना. वारा मात्र भरतच राहिला.

"कोयता आन," सासरे ओरडले.

"दोरी नवीन आहे हो, मी गाठ सोडतो."

"दोरी माझी आहे, कापा बाबा," बायको म्हणाली.

पण कोयता होता कुठे? शुभकार्याला असलं हत्यार कशाला, म्हणून सकाळी मीच तो होडीतून काढून ठेवला होता. (चांगलं करायला जावं तर हे असं.)

धक्का मागे गेला. हारवाल्यांनी हात हलवले, सासूबाईंनीही सवयीने हलवला. पुढच्या वळणावर होडी चिखलात रुतली. ओहोटी लागलेली. मुहूर्ताला वीस मिनिटं उरली आणि मेव्हणी रडायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते, वाऱ्याकडे कोणीच नाही.

तेवढ्यात नवरदेव कोरा कुर्ता घालून कंबरभर चिखल तुडवत आला, हातात कोयता. होडीत चढून त्याने दोन घावांत दोऱ्या कापल्या. शीड धाडकन कोसळलं, अर्थातच सासूबाईंवर. मुहूर्त होडीतच गाठायचं ठरलं, तेव्हा आधी शिडाखालून अंगठीची डबी धरलेला हात बाहेर आला, मग आवाज.

"जावई असावा तर असा."

अंगठी अजून डबीतच होती. म्हणजे त्या क्षणापर्यंत या घराचा जावई मी एकटाच होतो, आणि तरीही माझा नंबर दुसरा आला.