पाचपैकी सहा मिरच्या

१२ ऑक्टोबर, रविवार. ऊन कडक, वारा नाही.

बियांच्या पाकिटांवरचे तिखटाचे दावे तपासायचे, असं आमच्या टेरेस गार्डनच्या ग्रुपनं यंदा ठरवलं. मी वहीत दोन रकाने आखले: ‘पाकीट काय म्हणतं’ आणि ‘जीभ काय म्हणाली’. दुसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला. समासात किस्से मात्र मावेनात!

ग्रुप तिघांचाच. मी, सदाशिव पेठेतल्या निवृत्त गणित-शिक्षिका गोखलेबाई आणि कात्रजचे वानखेडे. आम्हा दोघांची हौस, वानखेड्यांची गरज. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांची आई मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरहून इथं आली आणि अर्ध्या भाकरीवर उठू लागली. “इथलं तिखट म्हंजे नुसता रंग होय बाप्पा! माहं तिकीट काढून दे.” गावच्या घरी त्या एकट्याच. वानखेड्यांनी तीन महिन्यांची मुदत मागितली. बाल्कनीतली मिरची तिखट निघाली नाही, तर पंधरा ऑक्टोबरची गाडी.

*

पाकिटावर तिखटपणा मोजायला पाच मिरच्यांची पट्टी होती. आमच्या वाणाला सहा मिरच्या दिलेल्या!

गोखलेबाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजल्या. “पाचपैकी सहा! एवढे मार्क मी पोटच्या मुलालाही दिले नव्हते.”

*

वानखेड्यांनी ऑनलाइन रिव्ह्यू वाचूनच पाकिटं मागवली होती. सगळे फाइव्ह स्टार. त्यातला सर्वांत जोरदार त्यांनी आम्हाला वाचून दाखवला: “अप्रतिम! अस्सल जहाल! डिलिव्हरी कालच मिळाली. रविवारी पेरणार.”

*

मंडईजवळच्या बियांच्या दुकानात तेच पाकीट दिसलं. विचारलं, “अहो, ही खरंच एवढी तिखट असते का?”

मालकांनी पेपरातून मान वर केली नाही. “पाकीट मी लिहिलेलं नाही.”

“पण गॅरंटी?”

“उगवेल याचीसुद्धा नाही. तिखटाचं काय घेऊन बसलात!”

*

पहिली मिरची गोखलेबाईंकडे लागली. हातमोजे घाला, डोळे जपा, अशी पाकिटावर ताकीद. बाईंनी हातमोजे, गॉगल, मास्क असा जामानिमा करून तुकडे केले आणि हात धुवायला गेल्या. परत येतात तो बशी रिकामी!

“अहो, मिरची कुठंय?”

गोखले टीव्हीसमोरून म्हणाले, “मिरची होती ती? मला वाटलं सॅलड. मीठ विसरलीस.”

*

मी कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडचे गृहस्थ फार नम्र. “सर, तिखट नसेल तर फोटो पाठवा.”

“तिखट नसल्याचा फोटो कसा काढू?”

“पाणी कुठलं घालता, सर?”

“खडकवासल्याचं.”

“ते गोड असतं, सर. त्याचाच इफेक्ट!”

हे ऐकून वानखेडे एकटेच खूश झाले. “आमच्याकडं टँकरचं पाणी! आपली तिखटच निघणार.”

*

आज सकाळी कात्रजला वानखेड्यांची मिरची तोडली. गाडी तीन दिवसांवर. आईंनी भाकरीच्या घासाबरोबर अख्खी मिरची तोंडात टाकली. वानखेडे पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभे. आई सावकाश चावत राहिल्या.

“गज्या, किती दिवस झाले रे हे लावून?”

“तीन महिने, माय.”

“रोज पाणी घातलं?”

“रोज. खतही घातलं.”

“अन् उन्हाउन्हानं कुंडी सरकवत होता, ते याच्याचसाठी?”

“हो.”

आईंनी ग्लासाकडं पाहिलं, मग लेकाकडं. “तीन महिने काकडीले पाणी पाजलं रे बाप्पा!” आणि हसत सुटल्या. हसता हसता ठसका लागला, तेव्हा कुठं ग्लास कामी आला.

आईंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तिकीट संध्याकाळी त्यांनीच रद्द करायला लावलं.