वहिनीच्या हातचा उंबर

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आणि आता सांगतोय ते मन हलकं करायला नव्हे — तेवढी माझी लायकी नाही. गेल्या पावसाळ्यात पालघरच्या एका सभागृहात लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, तेव्हापासून मला माझी चीड येते. म्हणून सांगतोय.

विषय होता, घरच्या बागेत कुठली झाडं लावावीत. हल्ली मला झाडांचा जाणकार म्हणून अशा ठिकाणी बोलावतात. मी ठणकावून सांगितलं — निलगिरी नको, गुलमोहर नको, आपल्या मातीतलं लावा. भोकर लावा. पांगारा लावा, तो फुलला की साळुंक्या भांडायला येतील. कुंपणाला तार कशाला, करवंदीची जाळी वाढवा, बुलबुल आपणहून घरटं करेल. आणि जागा असेल तर उंबर. 'पाखरांनी खाऊन उरलं ते आपलं,' असं शेवटी म्हटलं आणि टाळ्या पडल्या. ते वाक्य माझं नव्हतं. वहिनीचं होतं. झाडंसुद्धा तिनेच निवडलेली. पण ही चोरी म्हणजे माझ्या पापातलं सगळ्यात लहान पाप.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन बेटेगावच्या आमच्या घरी आली, त्याच वर्षी तिने विहिरीच्या दगडांतून उगवलेलं उंबराचं रोप हलक्या हाताने सोडवलं आणि अंगणाच्या कडेला लावलं. पुढे एकेक करून बाकीची झाडं. मूल झालं नाही. उंबर मात्र वाढला, बुंध्यापासून फळांनी लगडायला लागला. सकाळी तांबट, हळद्या अशी पाखरं, संध्याकाळी वटवाघळं. ती ओट्यावर बसून बघत राहायची. तेवढंच तिचं सुख होतं — आणि ते मला खुपत होतं.

का खुपत होतं? मी तारापूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर झालो होतो, म्हणून. साहेबांच्या बंगल्यांपुढे हिरवळ, सरळसोट अशोक, लाल गुलमोहर. आणि आमच्या अंगणात? सडकी फळं, चिलटं, चुन्याच्या भिंतीवर वटवाघळांचे ओघळ. एकदा साहेब जेवायला आले आणि दारातच त्यांचा बूट उंबराच्या लगद्यात पचकन बुडाला. ते हसले. मी रात्रभर जळत राहिलो. एका बुटासाठी!

पण उंबर तोडणार कोण? दत्ताचं झाड. आमच्याकडे त्याच्यावर कोणी कुऱ्हाड उचलत नाही. मी कुरकुर केली तर कारखान्यातला एक कामगार म्हणाला, "हिंग भर दो साब, अपने आप सूख जायेगा." म्हणजे झाडही जाणार आणि पापही लागणार नाही. कसला हिशेबी भक्त मी! कारखान्यात पॅकिंगची खोकी ठोकणाऱ्या सुताराकडून गिरमीट मागून आणलं. घरचे सगळे घिवलीला लग्नाला गेले होते, तेव्हा भरदुपारी बुंध्याला मागच्या बाजूने भोक पाडलं, हिंग ठासला, वर माती लिंपली. चीक हातावर सांडला तो साबणाने धुऊन टाकला.

पानं पिवळी पडली. वहिनीने शेणखत घातलं, पाणी घातलं, दत्ताला नारळ बोलली. तो नारळ मीच बाजारातून आणून दिला — ऐकताय ना? मीच. पुढच्या पावसात सगळं शिवार हिरवं झालं, उंबराला कोंब फुटला नाही.

मग आई बोलली. चारचौघांत, माझ्या ताटात भाकरी वाढता वाढता. "वांझेच्या हातचं झाड हाय, जगणार कसं?" इतकी वर्षं फळलेलं झाड! भावाने मान खाली घातली. त्याचा मला अजून राग येतो, आईचाही येतो. पण ते वाक्य तिच्या तोंडात कोणी घातलं? मी भाकरी मोडली आणि जेवलो. पोटभर जेवलो.

इथवरचं कदाचित तुम्ही माणसाचा भेकडपणा म्हणून ऐकून घ्याल. पुढचं ऐका. संध्याकाळी वहिनी परसात माझ्याजवळ आली. रडत नव्हती. म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेले. खरं सांगा, माझ्या हातातच काय हाय का?"

मी म्हणालो, "असेल."

एवढंच. 'नाही' म्हणायला काय लागत होतं? खरं सांगायचीही गरज नव्हती, नुसतं 'नाही' पुरलं असतं. पण नाही म्हटलं तर ती विचारणार, मग झाड मेलं कशाने — आणि बुंध्यामागे जाऊन बघणार. स्वतःची कातडी वाचवायला मी तिचे हात तोडले. त्या दिवसापासून तिने एक रोप लावलं नाही. तुळशीलाही लांबून पाणी घालते. उंबराच्या जागी मी गुलमोहर लावला. त्यावर कावळासुद्धा फिरकत नाही.

तर त्या सभागृहात मला हारतुऱ्याऐवजी एक रोप दिलं. कसलं, ते कळलंच असेल तुम्हाला. घरी आणलं तर वहिनीचा चेहरा फुलला — आता केस पिकलेत तिचे — हात पुढे आला आणि तसाच मागे गेला. "तुमीच लावा भावजी. माझा हात नको." चार हात लांब उभी राहून ती जागा दाखवत होती. मी खड्डा खणला. सांगायला वेळ भरपूर होता. मी खड्डा बुजवला.

रोपाने जीव धरलाय. नवी पानं आलीत. येणारे-जाणारे म्हणतात, तुमच्या हाताला यश आहे हो.

वहिनीही तेच म्हणते.