जगनच्या मेलबॉक्समधले घोडे

जगनच्या बायकोचा, सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या बसस्टँडवर उभा होतो. सारंगखेड्यालाच निघालो होतो, जगनला भेटायला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "भाऊ, आता घाई नका करू..." आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मी समोर लागलेल्या बसमध्ये धावतच चढलो.

जगन आणि मी शहाद्याला कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढे मी नोकरीला लागलो, तो घरची केळी बघू लागला. पण त्याचा जीव कॅमेऱ्यात. गावच्या यात्रेत येणाऱ्या घोड्यांचे फोटो काढायचे आणि ते मालकांना, लांबच्या गिऱ्हाइकांना मेलने पाठवायचे, हा उद्योग त्याने स्वतःच शोधला होता. फोटो पाठवायचा तो पूर्ण आकाराचाच. मेलबॉक्सवर जागा संपत आल्याची लाल पट्टी कायम झळकत असायची. मी म्हणायचो, अरे, जरा लहान करून पाठव. तो म्हणायचा, "लहान करं ते घोडाना अंगनी चमक दिसत नही रे." पट्टीकडे त्याने कधी लक्ष दिलं नाही.

मग त्याचं पोट दुखू लागलं. सुरतच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. रिपोर्ट आणि स्कॅनच्या फाइली मेलने येणार होत्या, त्या येईनात. फोन केला तर तिथली मुलगी म्हणाली, मेल परत येतोय, तुमचा बॉक्स भरलाय.

त्या रविवारी सकाळी मी त्याच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. सगळ्यांत जड मेल शोधायचे, त्यातले फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवायचे आणि मग मेल काढून टाकायचा. हरवणार काहीच नव्हतं, तरी जगनचा हात धजेना. प्रत्येक मेल मला उघडायला लावायचा. "हाई शबनम. तिले इकताना तिन्हा मालक रडना व्हता." पुढचा मेल. "हाऊ बादल. लंगडा व्हता, पन फोटोमा दख, राजा!" हसता हसता त्याचा हात पोटाकडे जायचा. वहिनी चहा ठेवून आत जायच्या आणि दाराआडून बघत राहायच्या.

दुपारपर्यंत बरंच काढलं, पण पट्टी लालच. मग माझ्या लक्षात आलं, काढलेलं सगळं तिथल्याच कचरापेटीत पडून होतं. ती रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. ते बटण त्याने स्वतः दाबलं. "जा रे बापहो," असं काहीसं पुटपुटला. पट्टी गेली.

दवाखान्याला पुन्हा फोन केला. थोड्या वेळाने मेल आला.

"उनं का मेल?" त्याने विचारलं.

मी वाचत होतो. त्याने स्क्रीन स्वतःकडे वळवली. वाचून झाल्यावर त्याने तापीच्या दिशेने बघितलं. मग हळूच म्हणाला, "इतला घोडा काढात रे आपन... यान्हाकरता?"

मी रिपोर्टच्या फाइली हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या.

पुढचे महिने सुरतच्या खेपांत गेले. केस गेले, अंगावरचे कपडे ढगळ झाले. मेलबॉक्स मात्र तो आता स्वतःच रिकामा ठेवायचा. दवाखान्याचा मेल वाचला की लगेच काढायचा, कचरापेटीही साफ करायचा. वहिनींच्या नजरेला पडू नये म्हणून असेल, असं मला वाटायचं. एकदा विचारलं, तर माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाला, "यात्राना फोटो धाडाना शेतस ना. जागा नको का?"

यात्रा भरायच्या थोडंसंच आधी तो गेला.

यात्रा सुरू झाली तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुमी तरी एक चक्कर मारी या." माझे पाय आपसूक मैदानाच्या कडेच्या बाभळीकडे वळले. तिथल्या उन्हात जगन दरवर्षी उभा असायचा. फोटो काढण्याआधी आपल्या खिशातल्या रुमालाने घोड्याच्या डोळ्यांच्या कडा अलगद टिपायचा. त्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही. आज तिथे एक म्हातारा मालक पांढरी घोडी धरून उभा होता. खांद्यावरच्या उपरण्याने तो तिचा डोळा टिपत होता.

"फोटोवाला भाऊ अजून येल नही का?" त्याने मला विचारलं.

मी सांगितलं. मग तो घोडीच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि तिचा दुसरा डोळाही त्याने तसाच, अलगद टिपला.