लाभपाचमीचा लोखंडी हात

सातवीनंतर माझी शाळा सुटली. आठवीचा वर्ग नदीपलीकडच्या गावात होता आणि पलीकडे एकट्या पोरीला पाठवायचं कुणाच्या मनात नव्हतं. पुढं काही वर्षं निंदण-खुरपण केलं, आणि मग मामानं मला बुलढाण्याकडच्या आमच्या खेड्यातून उचलून थेट सुरतेला आणलं. मामा रंगाटाच्या, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, घर नवागामला एका खोलीचं. त्या खोलीत मामा, मामी, त्यांची लेकरं आणि वर मी. मामीनं एका शब्दानं कधी दुखवलं नाही, पण मलाच सारखं वाटायचं की मी पाय पसरले की कुणाला तरी आखडावे लागतात. म्हणून पर्वत पाटियाला स्टॅबिलायझरच्या कारखान्यात काम मिळालं, तेव्हा मला एखादं राज्य मिळाल्यासारखं झालं होतं.

कारखाना म्हणजे पुढं काचेची छोटी ऑफिसखोली, मागं एक लांबट दालन. वीज सारखी कमीजास्त व्हायची, त्यामुळे ज्याच्या घरी फ्रिज त्याच्या घरी आमचा स्टॅबिलायझर. मी सोल्डरिंगला होते. मालकांना सगळे मोटाभाई म्हणत, त्यांच्या बायकोला भाभी आणि वडिलांना बापुजी. हे लोक वरच्याच मजल्यावर राहायचे. मोटाभाई गुजराती-हिंदी-मराठीची अशी भेळ करून बोलायचे की मला पहिल्या दिवसापासून सगळं समजायचं आणि उत्तर मात्र एकाही भाषेत सुचायचं नाही.

मी डावखुरी. घरी आई ताटावर बसले की डाव्या हातावर चापट मारायची, त्यामुळे जेवणापुरता उजवा हात शिकला. बाकी सगळं डाव्यानं. कारखान्यात मी भिंतीकडेची जागा मागून घेतली होती, म्हणजे कुणाला पटकन दिसू नये.

आणि मोटाभाईंचा छंद म्हणजे तो हात.

कुठल्यातरी मासिकात त्यांनी यंत्राच्या हाताचं चित्र पाहिलं होतं. मग भंगारबाजारातून ट्रकच्या वायपरच्या मोटारी आल्या, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या, सायकलच्या ब्रेकची वायर आली. महिन्याभरात ऑफिसखोलीतल्या टेबलावर खांदा, कोपर, मनगट आणि दोन बोटांचा चिमटा असलेला एक हात उभा राहिला. वायरी जोडायचं काम माझ्याकडे, म्हणून तो चालवून बघायचंही माझ्याकडेच आलं.

पहिल्यांदा त्याला दारावरच्या बेलची बटणं लावली. एक दाबलं की वर, दुसरं दाबलं की खाली. सहा बटणं आणि माझी भंबेरी. हात असा झटके देत चालायचा, जणू त्याला कुणी मागून चिमटे काढतंय. मग मोटाभाईंनी मुलाच्या व्हिडिओ गेमची दांडी पळवली. ती हातात छान बसायची, पण तिला मधलं काही माहीतच नव्हतं, एक तर गप्प, नाहीतर पूर्ण जोरात. हात टेबलावरचा पेन उचलायला गेला आणि त्यानं पेनस्टँड खिडकीबाहेर धाडला.

"गोलंदाज आहे रे हा," मोटाभाई खूश होऊन म्हणाले.

तिसरी युक्ती टीव्हीच्या रिमोटची. जुन्या टीव्हीतला रिमोटचा भाग काढून हाताला जोडला. आता वायर नको, काही नको, लांब बसून हलवा. दोन दिवस आम्ही दोघंही राजे होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी बापुजी खाली आले. ऑफिसखोलीत एक टीव्ही असायचा, त्यावर ते बातम्या बघत आणि रकाबीतून चहा पीत. ऐकू कमी येत होतं म्हणून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. रिमोट त्याच कंपनीचा. शेजारचा हात शांतपणे वर उठला, वळला आणि खाली आला तो रकाबीवर.

पांढऱ्या धोतरावर चहा. बापुजींनी आधी हाताकडे बघितलं, मग काचेतून माझ्याकडे.

"दीकरा," ते मोटाभाईंना म्हणाले, "आ भूतने लाभपाचम सुधी सुधार. नहीं तो भूत पण जाय, ने भूत हाकनारी पण जाय."

मला सगळं समजलं. लाभपाचमीपर्यंत भूत सुधारलं नाही, तर भुताबरोबर त्याला हाकणारी मीही जाणार होते.

लाभपाचमीचं तिथलं महत्त्व सांगायला हवं. दिवाळीला बंद झालेला कारखाना लाभपाचमीला मुहूर्तावर उघडायचा. त्या दिवशी बापुजी खुर्चीवर बसत, एकेका कामगाराला नावानं बोलावत, कपाळावर कुंकवाचा चांदला लावत आणि हातावर खडीसाखर ठेवत. ज्याला चांदला लागला, तो वर्षभर कामावर. ज्याला ठेवायचं नाही, त्याला फक्त बोलावत नसत. कुणी कुणाला जा म्हणायचं नाही, ज्यानं त्यानं समजून घ्यायचं. मी दिवाळीच्या अलीकडचीच भरती, माझा चांदला अजून व्हायचा होता. तो झाला नाही, तर मला गावाकडच्या गाडीत बसवून देतील, हे मामीनं सांगायचीही गरज नव्हती.

"काहून वं, जेवत काहून नाही?" मामीनं विचारलं.

"मामी, एका भुतामुळं माझी नोकरी जाईन."

"बाप्पा! लिंबू उतरवू काय?"

मोटाभाईंना मात्र यातूनच उत्साह आला. "बापुजीनं मुदत दिली म्हणजे परवानगी दिली," त्यांचं गणित. आणि त्यांनी ठरवलं की लाभपाचमीला पहिला चांदला बापुजींनाच लावायचा, तोही या हातानं. मी म्हटलं, "मोटाभाई, वायपरची मोटर आहे ती." ते म्हणाले, "कपाळ पण बापुजीचं आहे, मजबूत."

यावेळी त्यांनी खरोखर डोकं लढवलं. लाकडी फूटपट्ट्यांचे तुकडे घेऊन एक छोटा हात बनवला, तसाच खांदा, तसंच कोपर. प्रत्येक सांध्यात रेडिओचा आवाज कमीजास्त करायची गोल फिरकी. मी मागच्या दालनात बसून लाकडी हात जेवढा वाकवीन, तेवढाच काचेपलीकडचा लोखंडी हात वाकायचा. बटण नाही, झटका नाही. मी हळू, तर तोही हळू. पहिल्यांदा तो माझ्यासारखा वळला, तेव्हा मला गावाकडं लहान भावाचं बोट धरून चालवायचे ते आठवलं. सराव सगळा डाव्या हातानं. भोपळ्याला इतके चांदले लावले की भाभी म्हणाल्या, याची भाजी करायलाही आता पाप वाटतं.

सासऱ्यांच्या कपाळाला लोखंडी चिमटा लागू द्यायचा नाही, असं भाभींनीच ठरवलं. म्हणून मामानं मिलमधून रबरी हातमोजा आणला. आम्ही तो चिमट्यावर चढवला, बोटांत कापूस कोंबला, चांदला लावायच्या बोटात पेन्सिलीचा तुकडा. हात एकदम माणसात आला. एक गोष्ट मात्र कुणाच्याही ध्यानात आली नाही. मिलमध्ये सगळे उजव्यानं काम करतात, त्यामुळे उजवे मोजे आधी फाटतात आणि डावे तेवढे उरतात. मामानं आणला तो उरलेल्यांतला.

लाभपाचमीच्या सकाळी दारावर तोरण, आत उदबत्तीचा धूर. बापुजी नवीन टोपी घालून खुर्चीत बसले. कामगार काचेला नाक लावून उभे. मी मागं लाकडी हात धरून बसले होते. मोटाभाईंनी खूण केली. लोखंडी हात उठला, कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं, भोपळ्यासमोर जायचा तसाच बापुजींसमोर गेला. आणि बापुजींनी मान मागं घेतली.

"डाबा हाथे चांदलो?"

मला वाटलं, मी दिसले. काचेतून एवढ्या लांबून यांना माझा डावा हात दिसला! मी घाईघाईनं लाकडी हात उजव्या हातात घेतला. तिकडं पुढं काय चाललंय याकडं माझं लक्षच नव्हतं. तिकडं भाभी हसत उठल्या होत्या. त्यांनी मोजा ओढून काढला, त्यातला कापूस झटकला, मोजा उलटा करून फुंकर मारली आणि कापूस-पेन्सिल भरून परत चढवला. डावा मोजा उलटा केला की उजवा होतो, हे त्यांना भांडी घासताना कळलं असणार.

"ल्यो बापुजी, जमणो," त्या म्हणाल्या.

बापुजींनी मोजा नीट बघितला, अंगठा कुठं आहे ते तपासलं आणि कपाळ पुढं केलं. मोटाभाईंनी परत खूण केली. मी उजव्या हातानं हात चालवला. आणि माझा उजवा हात म्हणजे फक्त वरण-भात कालवण्यापुरता. लोखंडी हात वाटीत गेला, वर आला, डगमगला आणि बापुजींच्या नाकाच्या शेंड्यावर मोठा लाल ठिपका ठेवून थांबला.

कुणी हसलं नाही. म्हणजे सगळ्यांनी आतल्या आत गिळलं. मी उठून मागच्या दारापर्यंत गेले होते, तेवढ्यात बापुजींची हाक आली, "कोण हाके छे? एने लावो."

हात चालवते तिला आणा, म्हणत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. ते लाल नाकानं माझ्याकडं बघत होते.

"भोपळ्याला बरोबर लावते म्हणतात. मग माझ्याशी काय दुष्मनी?"

भाभीच म्हणाल्या, "बापुजी, डाबोडी छे बिचारी. तुम्ही डावा म्हणालात, तर घाबरून उजव्यानं चालवलं."

बापुजींनी विचार केला. व्यापारी माणूस, हिशेबाशिवाय हो-नाही म्हणणार नाही.

"मला लागतो तो हात जमणा आहे ना?"

"हो," मोटाभाई म्हणाले.

"बस. तर पाठीमागं बसून ती डाव्यानं चालवो की पायानं, मला काय? मोटरवाला ब्रेक पायानंच मारे छे ने! जा पोरी, डाबे हाथे हाक."

मी परत गेले आणि डाव्यानं चालवलं. भुवयांच्या बरोबर मधे, वर ओढून, अगदी सुबक. अक्षता भाभींनी लावल्या, तेवढी हिंमत आमच्या हातात नव्हती. बापुजींनी आरसा मागवला. कपाळ पाहिलं, नाकही पाहिलं, नाक पुसलं नाही.

मग कामगारांना बोलावणं सुरू झालं. कॉईलवाले गेले, पॅकिंगवाले गेले, चांदला, साखर, चांदला, साखर. प्रत्येक नावाला मी अर्धी उठायचे आणि परत बसायचे. शेवटी वाटी बाजूला ठेवून बापुजी उठले. झालं, मी म्हटलं. मी माझा डबा पिशवीत घातला.

तर बापुजी धोतर सावरत माझ्याकडंच येत होते.

"ऊठ," ते म्हणाले. "तिकडं माझ्या खुर्चीवर जाऊन बस."

"मी?"

"हवे मारो वारो, आता माझी पाळी." आणि त्यांनी माझ्या स्टुलावर बसून लाकडी हात धरला, मोटाभाईंना विचारलं, "आ कोपर छे? आ खांदा? बराबर." शिकवून घेतलं, पण धीर धरला नाही.

मी बापुजींच्या खुर्चीत जाऊन बसले. काचेपलीकडं ते जीभ दातांत धरून वाकले होते. लोखंडी हात धाडकन उठला, वाटीत गेला, अर्धं कुंकू टेबलावर सांडलं आणि डुलत डुलत माझ्या तोंडाकडं यायला लागला. भाभी ओरडल्या, "बीती नहीं, आंखो बंध कर!" पण मी डोळे मिटले नाहीत. हा चांदला मला येताना बघायचा होता. मोज्याचं बोट माझ्या कानावरून गेलं, परतलं, गालाला लागलं, आणि शेवटी डाव्या भुवईच्या टोकाला दणका देऊन टेकलं.

"लाग्यो?" बापुजींनी मागून ओरडून विचारलं.

"लाग्यो, बापुजी!" मी म्हटलं. माझं गुजरातीतलं पहिलं उत्तर.

"तो साकर आपो एने," ते म्हणाले, आणि भाभींनी खडीसाखर माझ्या पुढं केलेल्या हातावर ठेवली. हात कोणता आहे, ते कुणी बघितलं नाही.