ताईनं मागितलेले दोन केस

भाच्याचा रोह्याहून फोन आला, तेव्हा मी पेणला पोह्यांना फोडणी देत होते. "मावशी, आई गेली... छातीत कळ आली नि संपलंच." माझ्या मनात पहिला विचार आला तो ताईचा नव्हे. माझ्या केतकीच्या सासरचे विचारतील, मावशीला काय झालं होतं, तर सांगायचं काय? इतके दिवस झाले, त्या विचाराची लाज जात नाही.

ताई पापड लाटायची. आळीतल्या बायका तिच्या ओटीवर जमायच्या; पापड कमी, गप्पाच जास्त. मग ती तापानं पडली आणि रक्तात कसलासा विषाणू निघाला, तोही भरमसाट. जड औषधं झाली, ताप उतरला, विषाणू काही हटेना. बातमी आळीत फिरली. ओटीवर कुणी येईना, तिच्या हातचा पापड कुणी घेईना. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी तिचे केस तपासले. केसांच्या मुळांतही तोच! ते म्हणाले, हा बाहेरून लागलेला नाही, तुमच्याकडून कुणाला लागायचाही नाही. कुठल्याशा पूर्वजाच्या गुणसूत्रात शिरला आणि पिढ्यान् पिढ्या उतरत आला. तुमच्या पेशीपेशीत जन्मापासून आहे, भावंडांतही असू शकेल. औषधं बंद झाली. हृदयाला त्याचा त्रास होतो का, हे मात्र त्यांनाही ठामपणे सांगता येईना.

आळीला हे कोण पटवणार? ताई पेणला आली. "तुझे दोन केस दे गो तपासायला. तुझ्यात पण निघाला तर बायांना सांगीन, ही माझी बहीण सगळ्या पेणात फिरते, कुणाला काय झालंय?"

केतकीचं लग्न तेव्हा जमत आलं होतं. खानदानी आजार म्हटलं की स्थळ हातचं जायचं. "लग्न होऊ दे ताई, मग बघू."

"व्हय गो. पोरीचं आधी."

लग्नात ती मांडवाच्या कडेला बसून होती... मी पुढे बोलावलं नाही. 'मग बघू' तसंच राहिलं.

तेराव्यानंतर मी केस दिले. माझ्यातही निघाला. रिपोर्ट घेऊन रोह्याला गेले. ओटीवर तिचं पोळपाट भिंतीला टेकवून ठेवलेलं, कडेला वाळलेलं पीठ तसंच. शेजारच्या काकूंना कागद दाखवला, समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग पदरानं डोळे पुसले.

"हे तेव्हा दाखवलं असतंस, तर आम्ही नाय का आलो असतो गो?"